लॅपटॉप सर्वांचा, कागद ज्याचा त्याचा

आपल्या वस्त्यांमध्ये आता घरोघरी नसला तरी दोन-चार घरांमागे एक लॅपटॉप दिसू लागला आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा-कॉलेजे घरात येऊन बसली, तेव्हा कुणी पतपेढीचे कर्ज काढून, कुणी हप्त्याने, तर कुणी जुना-वापरलेला असा तो घरात आणला. असा लॅपटॉप एकट्याचा कधीच नसतो. सकाळी थोरली मुलगी त्यावर प्रकल्प लिहिते, दुपारी धाकटा खेळ खेळतो, संध्याकाळी आई बचत गटाचा हिशोब उतरवते आणि रविवारी मामाचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन भीमगीते भरून न्यायला येतो. शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच्यावरच भरला जातो. एकाने घेतले ते चौघांच्या उपयोगी पडावे ही आपल्या समाजाची रीत आहे. ती सुटावी असे आम्ही म्हणणार नाही.

पण लॅपटॉप सर्वांचा म्हणून त्यात ठेवलेला प्रत्येक कागद, प्रत्येक फोटो, प्रत्येक हिशोबही सर्वांचा होतो काय? हा प्रश्न आपल्या घरांतून फारसा विचारला जात नाही. जो बसेल त्याने उघडावे, आवडेल ते पेनड्राइव्हमध्ये टाकावे, असेच चालले आहे. कुणी हटकले तर ठरलेले उत्तर येते, "मी काय चोरले? तुझी फाईल तुझ्याकडे आहेच की!"

पंचशील आपण रोज म्हणतो. त्यातील दुसरे शील 'अदिन्नादान' टाळण्याचे आहे. अदिन्न म्हणजे जे दिलेले नाही ते. मालकाचे काही कमी झाले की नाही, हा प्रश्न त्या शब्दात कुठेच नाही. त्याने दिले होते का, एवढेच पाहायचे. नक्कल केली तरी मूळ जागेवर राहते, हे खरे. पण न दिलेली वस्तू घेतली गेली हेही तितकेच खरे. भगवंतांच्या काळी संगणक नव्हता, तरी हा शब्द त्याला नेमका लागू पडतो, याचे आम्हांस नवल वाटते.

आपल्या लॅपटॉपमध्ये असते तरी काय? श्रीमंताच्या यंत्रात त्याचे शेअर आणि दस्तऐवज असतील. आपल्या यंत्रात जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक यांची चित्रे असतात. हे कागद आपल्याला सहज मिळालेले नाहीत. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळायला १९९० साल उजाडले. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ते दार उघडले. आजही वैधता प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत आजोबांच्या गावच्या शाळेत हेलपाटे घालावे लागतात. जीर्ण झालेला तो शाळेचा उतारा एकदा स्कॅन करून ठेवला की आपण निर्धास्त होतो. मग तो ठेवतो कुठे? डेस्कटॉपवर, 'महत्त्वाचे' असे नाव दिलेल्या फोल्डरमध्ये! कुठे पाहावे हे नावानेच सांगून टाकले.

वाईट हेतू नसतानाही घोटाळा

परक्या चोरापेक्षा आम्हांस भीती वाटते ती घरच्या भोळ्या माणसाची. आमच्या परिचयातील एका घरी घडलेला प्रकार सांगतो. नात्यातील एक मुलगा जयंतीसाठी गाणी न्यायला आला. गाणी वेगवेगळ्या फोल्डरांत विखुरलेली होती. एकेक शोधायचा कंटाळा येऊन त्याने डी ड्राइव्हच अख्खा उचलून आपल्या पेनड्राइव्हमध्ये घेतला. त्यात ताईचे दाखले होते, तिच्या कॉलेजच्या सहलीचे फोटो होते, आईच्या गटाचा हिशोब होता. पुढे तोच पेनड्राइव्ह मंडळाचा फलक छापायला झेरॉक्सच्या दुकानात गेला. दुकानदाराने सवयीप्रमाणे सगळे आपल्या संगणकावर उतरवून घेतले. काही दिवसांनी ताईच्या मैत्रिणीला त्या दुकानाच्या पडद्यावर ताईचा फोटो दिसला, तेव्हा कुठे घरी कळले. मुलाचा हेतू वाईट नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. पण पोरीची झोप उडाली, आणि वर तिलाच ऐकावे लागले, "तू असले फोटो ठेवतेसच कशाला?"

सहलीतील फोटो ठेवणे हा गुन्हा नाही. ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे त्या घरात तरी दोष कुणाचा, हे नीट ठरवले जावे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली ज्यांनी मंत्रिपद सोडले त्यांच्या अनुयायांनी मुलीला स्वतःचा एक कप्पा देऊ नये, हे शोभत नाही.

दुसरे दुखणे आपल्या शाहिरांचे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी गावोगाव लोकांच्या ओठांवर आहेत. त्यांच्या वाटेने जाणारे कितीतरी अप्रसिद्ध गीतकार आपल्या चाळींतून, गावकुसांतून राहतात. त्यांची नवी गीते नातवाने टाईप केलेली, मोबाईलवर गाऊन घेतलेली, अशी घरच्या लॅपटॉपमध्ये असतात. जयंतीच्या आधी कुणी ती उतरवून नेतो आणि दुसऱ्याच्या नावाने गायली जातात. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे रचना लिहून झाली की हक्क तिच्या कर्त्याचाच असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हक्क कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहतो. पण कोर्टात उभे राहायचे तर आधी रचना कुणाची हे दाखवावे लागते. म्हणून शाहिरांना आमची विनंती आहे की नवे गीत हातच्या वहीत तारखेसह लिहावे, स्वतःच्याच ईमेलवर एक प्रत पाठवून ठेवावी आणि शक्य तर सर्वांआधी स्वतःच्या नावाने लोकांपुढे आणावे.

फसवी कुलपे

फाईल लपवायची म्हणून बहुतेक घरांत जे केले जाते ते कुलपाचे चित्र दारावर चिकटवण्यासारखे आहे. फोल्डर 'हिडन' करतात. पण वरच्या 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' वर टिचकी मारली की तो पुन्हा दिसतो, आणि हे सातवीतल्या पोरालाही ठाऊक आहे. कुणी फोल्डरला 'नवीन फोल्डर ७' असे नाव देऊन त्यात आणखी सात फोल्डर करतात. शोधाच्या चौकटीत 'आधार' टाइप केले की फाईल समोर हजर. कुणी इंटरनेटवरून फुकटचे 'फोल्डर लॉक' उतरवून घेतात. अनोळखी जागेवरून आणलेले असले प्रोग्राम स्वतःच चोर निघू शकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. काही पीडीएफ फायलींवर 'कॉपी करण्यास मनाई' असा शिक्का असतो. तो एक विनंतीवजा फलक आहे. तो न जुमानणारी साधने सर्रास मिळतात, आणि मोबाईलने पडद्याचा फोटो काढणाऱ्याला तर कशाचीच गरज नाही.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याला फाईल उघडून वाचता येते त्याला ती नेता येते. 'पाहा पण घेऊ नका' असे कुलूप घरच्या यंत्रात नसते. तेव्हा ज्याने न्यायची नाही त्याला ती दिसूच नये, अशी मांडणी करावी लागते.

खरी सोय यंत्रातच आहे

ही मांडणी विंडोजमध्ये फुकट दिलेली आहे. तिला युजर अकाउंट म्हणतात. एका यंत्रात घरातील प्रत्येकाचे वेगळे खाते काढता येते आणि प्रत्येकाला आपला पासवर्ड ठेवता येतो. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', त्यात 'अदर यूजर्स', त्यात 'ॲड अकाउंट', अशी वाट आहे. यंत्र ईमेल मागते, पण ज्याला ईमेल नाही त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा पर्यायही तेथेच पुढे येतो. एकाच्या खात्यातील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर दुसऱ्या साध्या खात्यातून उघडत नाहीत. शिवाय ब्राउझरमधले जतन केलेले पासवर्ड, उघडे राहिलेले जीमेल, व्हॉट्सॲप वेब हेही ज्याच्या त्याच्या खात्यात राहते. मामाच्या मुलासाठी 'पाहुणा' नावाचे एक खाते काढावे, म्हणजे त्याला नाही म्हणायची पाळी येत नाही.

यात दोन खाचखळगे आहेत आणि बहुतेक घरे तेथेच अडखळतात.

पहिला डी ड्राइव्हचा. विंडोज बिघडले तरी डी वरचे वाचते, असे कुणीतरी केव्हातरी सांगितलेले असते, म्हणून सगळे घर तेथेच साठवते. पण खात्यांच्या भिंती प्रत्येकाच्या स्वतःच्या फोल्डरांभोवती असतात. डी ड्राइव्ह म्हणजे चाळीची सामाईक गॅलरी. तेथे ठेवलेले सर्व खात्यांना दिसते, बहुधा पुसताही येते. खाजगी ते आपापल्या डॉक्युमेंट्समध्ये न्यावे आणि मग डी वरून काढून टाकावे. गाणी, बुद्धवंदना, धम्मपरिषदेची छायाचित्रे, जयंतीचे व्हिडिओ असे जे खरोखर सर्वांचे आहे ते मात्र तेथेच खुशाल असू द्यावे. गाणी एका ठिकाणी नीट लावलेली असती तर वर सांगितलेला निम्मा घोटाळा झालाच नसता.

दुसरा ॲडमिनिस्ट्रेटरचा. खाती दोन जातींची असतात (हा शब्द येथे नाइलाजाने आला!), साधे म्हणजे 'स्टँडर्ड' आणि कारभारी म्हणजे 'ॲडमिनिस्ट्रेटर'. कारभाऱ्याला एक बटण दाबून कुणाचाही फोल्डर उघडता येतो. यंत्र पहिल्यांदा सुरू करताना जे खाते निघते ते कारभाऱ्याचे असते, आणि बहुतेक घरांत सगळे त्याच खात्यावर बसतात. तेव्हा आधी कारभाऱ्याचे एक वेगळे खाते काढून त्याला पक्का पासवर्ड द्यावा आणि ते फक्त दुरुस्तीपुरते किंवा नवा प्रोग्राम टाकण्यापुरते उघडावे. मग रोजची सर्व खाती साधी करून टाकावीत, वडिलांचेसुद्धा.

कारभारी कोण असावा, हा प्रश्न यंत्राचा नाही, घराचा आहे. आपल्याकडे तो मान न विचारता थोरल्या मुलाकडे जातो. त्याला कळत असेल तर जावो. पण बहिणीच्या फायली तपासण्याचा परवाना म्हणून तो मान वापरला जात असेल, तर आईने तो पासवर्ड आपल्याकडे घ्यावा. आईला संगणक येत नाही ही सबब नको, कागदावर लिहिलेला पासवर्ड तिला जपता येतो. शिवाय कारभाऱ्यालाही दिसू नये असे काही असेल तर त्याचीही सोय आहे. वर्डच्या फाईलला 'फाईल', 'इन्फो', 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट' या वाटेने पासवर्ड देता येतो. फोटो किंवा अनेक कागद असतील तर 'सेव्हन-झिप' हा मोफत प्रोग्राम आहे. त्याने गठ्ठा बांधून पासवर्ड द्यावा, फाईलींची नावे झाकण्याची खूण करावी, गठ्ठा उघडतो याची खात्री करावी आणि नंतर मोकळ्या प्रती पुसाव्यात. हे पासवर्ड विसरले तर मात्र कुणीही सोडवू शकत नाही, ते घोटून पाठ करावेत.

आणि एक लहानशी सवय. चहाला उठताना विंडोजची खूण असलेली कळ आणि 'एल' ही कळ एकदम दाबावी. पडद्याला कुलूप लागते. ही सवय नसेल तर वरचे सगळे करूनही यंत्र उघड्या दारासारखेच राहते.

पेनड्राइव्हच बंद केला तर?

असे बरेच वाचक सुचवतील. विंडोजच्या 'प्रो' आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतून पेनड्राइव्हवर लिहिणे बंद करता येते. विहाराच्या अभ्यासिकेतील यंत्रासाठी जाणकाराकडून ते जरूर करून घ्यावे. पण त्याच यंत्राला इंटरनेट असेल तर फाईल ईमेलने जाईल, व्हॉट्सॲप वेबने जाईल, ब्लूटूथने मोबाईलवर जाईल. पुढचे दार बंद करून मागचे उघडे ठेवल्यासारखे ते होते. पेनड्राइव्हच्या खाचेत गोंद भरणारेही बहाद्दर आहेत. त्यांचा माऊस नंतर कुठे लावायचा, हे तेच जाणोत.

अभ्यासिकेच्या यंत्राबद्दल आम्हांस अधिक काळजी वाटते. महाडीबीटीच्या अर्जांच्या दिवसांत तेथे पोरांची रांग लागते. प्रत्येक जण आपला दाखला, आधार, पासबुक मोबाईलवरून उतरवतो, अर्ज भरतो आणि निघून जातो. कागद 'डाउनलोड्स' मध्ये पडून राहतात. अशा पाच-पन्नास मुलांच्या कागदांचा गठ्ठा एकाच फोल्डरमध्ये, ज्याला हवा त्याच्यासाठी! अर्ज भरून झाला की आपली फाईल पुसावी आणि 'रिसायकल बिन' ही रिकामी करावी, अशी सूचना मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. ब्राउझर 'गेस्ट' म्हणून उघडला तर खिडक्या बंद करताच पासवर्ड व इतिहास जातो, पण उतरवलेल्या फायली राहतात, हे विसरू नये. विंडोजमधील 'स्टोरेज सेन्स' ला सांगून ठेवले तर ठराविक दिवस न उघडलेल्या डाउनलोड फायली ते आपोआप काढते. जेथे चालेल तेथे आधारची शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत द्यावी. आणि २०१५ पासून डिजिलॉकरची सोय आहे, तेव्हा दाखले यंत्रात न साठवता गरजेला तेथून काढता येतात. फक्त काम होताच बाहेर पडायला विसरू नका.

यंत्रच बाहेर गेले तर

आतापर्यंत सांगितले ते घरात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांपुरते. यंत्र चोरीला गेले किंवा दुरुस्तीला दिले, तर विंडोजचा पासवर्ड अडवत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की सगळे वाचता येते. त्यावर उपाय म्हणजे अख्खी डिस्कच सांकेतिक करणे. 'प्रो' आवृत्तीत त्याला बिटलॉकर म्हणतात. 'होम' आवृत्तीतही अनेक नव्या यंत्रांत सेटिंग्जच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असते, आणि ते कधीकधी आपल्या नकळत सुरूही झालेले असते. त्याची ४८ आकडी किल्ली असते. यंत्राने ती एखाद्या दिवशी अचानक मागितली आणि आपल्याकडे नसली, तर आपले कागद आपल्यालाच कायमचे बंद होतात. म्हणून ती आजच शोधून कागदावर उतरवावी.

दुरुस्तीला देताना कारीगर पासवर्ड मागतो. त्याच्यासाठी एक वेगळे साधे खाते काढून द्यावे. तेवढ्याने काम भागणारे नसेल तर फायली आधी दुसरीकडे काढून घ्याव्यात, किंवा समोर बसून काम करून घ्यावे. लाजण्याचे कारण नाही.

इतके करूनही कुणी मुद्दाम फायली नेल्या असतील तर कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या ४३ व्या कलमात परवानगीवाचून संगणकातील माहितीची नक्कल करणे येते. ते अप्रामाणिक हेतूने किंवा फसवणुकीसाठी केले असेल तर ६६ व्या कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बँकेचे पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. फोटोवरून मुलीला कुणी धमकावत असेल तर माता-पित्यांनी आधी तिच्या पाठीशी उभे राहावे. आलेले संदेश पुसू नयेत, ते पुरावा आहेत. ते घेऊन पोलीस ठाण्यात जावे.

आता येत्या रविवारची गोष्ट. वंदना झाल्यावर घरातील सर्वांनी तासभर लॅपटॉपभोवती बसावे. खाती काढण्याआधी सगळ्या फायलींची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून पेटीत ठेवावी. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ आणि सामान मागून दुसऱ्या जहाजाने येत होते, आणि महायुद्धात ते जहाज पाणबुडीने बुडवले. त्या ग्रंथांची दुसरी प्रत त्यांच्यापाशी नव्हती. आपल्यापाशी ती दहा मिनिटांत होते. मग कारभाऱ्याचे खाते, मग प्रत्येकाचे, धाकट्याचेसुद्धा. पासवर्ड टाकताना बाकीच्यांनी तोंड फिरवावे. ४८ आकड्यांची किल्ली ज्या कागदावर लिहाल, तो वैधता प्रमाणपत्राच्या मूळ प्रतीबरोबर त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. ती पिशवी कुठे आहे, हे घरातील दोन माणसांना तरी ठाऊक असावे, आणि त्यांपैकी एक आई असावी.